फोटोला नाक नसतं : चेहरा तपासणारी ॲप बनवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

रामराम साहेब लोकहो,

तुमच्यातलं कोणी कोड लिहितं, कोणी तो बँकांना विकतं, आणि कोणी एसी केबिनमध्ये बसून "ओके, करा चालू" म्हणून सही मारतं. नेमकं कोणाला पकडायचं ते मला समजत नाही म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहून राहिलो. मी चोपडा तालुक्यातला, सातपुड्याच्या अलीकडे एका गावात सेतू चालवतो. उतारे, दाखले, पीकविमा, केवायसी, रिचार्ज, झेरॉक्स, जे येईल ते. त्याआधी ह्याच गाळ्यात आमचा फोटो स्टुडिओ होता, वडिलांनी टाकलेला. म्हणजे उजेड आणि चेहरा ह्या दोन गोष्टींवर आमच्या घराच्या दोन पिढ्या जगल्या, त्यामुळे ह्या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालतो.

झालं काय, गेल्या मे महिन्यात दुपारी एकच्या सुमाराला आमच्या गावातली एक मोठी माय आली. नाव सांगत नाही, सत्तरी पार केलेली, उभा जन्म दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत गेलेला. तिचं बँकेचं खातं केवायसीअभावी अडकलेलं. बँकेचंही नाव घेत नाही. शाखा लांब, एसटीचा भरवसा नाही, अंगठा तर तिचा कुठल्याच मशीनवर लागत नाही, निंदणी-खुरपणी आणि केळीचा चीक ह्यांनी बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या. पण बँकेच्या नव्या ॲपमध्ये चेहऱ्यावरून केवायसीची सोय आलेली, म्हणलं बरं झालं, बसल्या जागी होईल. फोन तिच्या तोंडासमोर धरला, स्क्रीनवर अंड्यासारखा गोल आला, त्यात चेहरा बसवला, आणि मग स्क्रीन लाल झाली, निळी झाली, हिरवी झाली, पिवळी झाली, गणपतीच्या मंडळातल्या लायटिंगसारखी. मोठी माय जरा दचकली पण हलली नाही. आणि शेवटी उत्तर काय आलं, तर "खरा चेहरा आढळला नाही. कृपया प्रत्यक्ष व्यक्तीने प्रयत्न करावा."

तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. चौथ्या वेळेला ॲप म्हणे आता चोवीस तास थांबा.

"काय म्हनस रे भाऊ तो?" तिने विचारलं. आता काय सांगणार, मी जे होतं ते सांगितलं, म्हणलं माय, तो म्हणतो समोर खरं माणूस नाही. तर ती म्हणते, "मंग मी काय मरी गऊ का? जित्ती शे ना मी आठे!" दुकानात बसलेले सगळे हसले, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तिची सून भेटली तेव्हा कळलं की म्हातारी रात्री जेवली नाही, देवाजवळ दिवा लावून बसली होती, कारण फोनला तिचं तोंड दिसलं नाही हा तिला अपशकुन वाटला. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा खेड्यातला माणूस टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहे. अजिबात नाही. स्क्रीनचा उजेड पाडून चेहरा खरा का खोटा ओळखायचा ही आयडिया मला समजली तेव्हा मी मनातल्या मनात सलाम ठोकला होता, कारण हे आमच्या स्टुडिओतलंच ज्ञान आहे.

पूर्वी लोक जुना फोटो घेऊन यायचे, वारलेल्या माणसाचा, आणि म्हणायचे ह्याची मोठी कॉपी करून द्या भिंतीवर लावायला. वडील तो फोटो बोर्डावर लावून कॅमेऱ्याने परत त्याचा फोटो काढायचे. मी तेव्हा सातवी-आठवीत, लाईट धरायचं काम माझं. एकदा वडील म्हणाले लाईट डावीकडून उजवीकडे ने आणि बघ काय होतं. काहीच झालं नाही, कागद जरा उजळला, जरा मंद झाला, एवढंच. मग म्हणाले आता हाच लाईट माझ्या तोंडासमोर फिरव. फिरवला तर नाकाची सावली ह्या गालावरून त्या गालावर गेली, डोळ्यांच्या खोबणी भरल्या आणि रिकाम्या झाल्या, हनुवटीखालचा अंधार सरकला. वडील म्हणाले, "फोटोला नाक नसतं बेटा, नाकाचं चित्र असतं." हे वाक्य मी तेव्हा विसरलो होतो, तुमच्या ॲपने आठवण करून दिली.

तर तुम्ही हेच करता. फोनची स्क्रीन हीच लाईट, आणि पुढचा कॅमेरा बघतो की तो उजेड चेहऱ्यावर कसा पडून परत येतो. खऱ्या चेहऱ्यात नाकाचा शेंडा फोनच्या जवळ, कान लांब, गाल तिरके, म्हणून प्रत्येक ठिकाणाहून उजेड कमीजास्त परत येतो. कागदावरचा फोटो सपाट, सगळीकडून जवळपास सारखाच. आणि कोणी दुसऱ्या मोबाईलवर व्हिडिओ लावून धरला तर त्या मोबाईलच्या काचेला स्वतःचाच उजेड, त्यावर तुमचा लाल-निळा रंग नीट चढत नाही, उलट काचेवर चकाकीचा पट्टा दिसतो. वर रंगांचा क्रम दर वेळेला वेगळा, आयत्या वेळी ठरणारा. पेपर आधी फुटला तर पोरं उत्तरं पाठ करून येतात, इथं पेपर परीक्षा सुरू झाल्यावर छापला जातो, त्यामुळे काल रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आज कामाचा नाही. काल निळ्यानंतर हिरवा होता, आज लाल आला, व्हिडिओतला माणूस मात्र हिरवाच. पकडला गेला.

आणि ह्याची गरजही होती, कबूल. २००९ मध्ये व्हिएतनामच्या संशोधकांनी अमेरिकेत ब्लॅक हॅट नावाच्या परिषदेत दाखवून दिलं की चेहरा बघून उघडणारे लॅपटॉप नुसत्या फोटोने उघडतात. २०११ ला अँड्रॉइडमध्ये फेस अनलॉक आलं, तेही फोटोला फसलं. मग २०१२ मध्ये डोळे मिचकवायला सांगायला लागले, तर लोकांनी फोटोवरच पापण्या एडिट केल्या. मान हलवा म्हणाले, तर व्हिडिओ आले. २०१७ ला आयफोन एक्स आला, त्यात चेहऱ्यावर न दिसणारे ३०,००० इन्फ्रारेड ठिपके पाडून खोली मोजतात, ती सोय भारी, पण ते स्पेशल सेन्सर आमच्या गावातल्या आठ-दहा हजाराच्या फोनमध्ये कुठून येणार. साध्या फोनमध्ये असतं काय, तर एक स्क्रीन आणि एक पुढचा कॅमेरा. एवढ्यात भागवायचं म्हणून स्क्रीनलाच टॉर्च करायचं, हे डोकं ज्याने चालवलं तो माणूस हुशार. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी फेस फ्लॅशिंग नावाने ह्यावर रीतसर पेपर मांडला, ब्रिटनची आयप्रूव्ह कंपनी रंगीत उजेडावरच धंदा करते, ॲमेझॉनने २०२३ मध्ये अशीच सेवा काढली. म्हणजे गरिबाच्या फोनवर चालणारी सिक्युरिटी आहे ही, आणि म्हणूनच मला ती गरिबाच्याच फोनवर का चालत नाही ह्याचा जास्त राग येतो.

का चालत नाही ते सांगतो, आणि हे सांगायला मला कुठल्या लॅबची गरज पडली नाही.

पहिलं म्हणजे ऊन. साहेब, मे महिन्यातलं जळगाव जिल्ह्याचं ऊन तुम्ही बातम्यांत बघितलं असेल, पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो आणि बारा वाजता रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. भर दुपारी उघड्यावर पडणारा उजेड साधारण १ लाख लक्स धरतात, लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. आता तुमची स्क्रीन बघा. साधा फोन, ब्राईटनेस फुल, ४५० निटच्या (स्क्रीनच्या तेजाचं माप) आसपास, चेहऱ्यापासून एक फूट लांब. स्क्रीनचा आकार आणि अंतर धरून हिशोब मांडला तर चेहऱ्यावर पडतात जेमतेम ५० लक्स. तेही स्क्रीन पूर्ण पांढरी असताना, नुसता निळा किंवा लाल दाखवला तर आणखी कमी. म्हणजे उन्हाचा दोन हजारावा हिस्सा. गावच्या यात्रेत डीजे वाजत असताना कानात कुजबुजल्यासारखं आहे हे, आणि वरून तुम्ही म्हणता ऐकू आलं नाही म्हणजे समोर माणूसच नाही! ओसरीवर, कडुनिंबाच्या सावलीत बसवलं तरी हजारो लक्स असतातच, सावली डोळ्याला सावली वाटते, कॅमेऱ्याला नाही. माझ्या दुकानाचं शटर पूर्ण उघडं, समोर डांबरी रस्ता, त्यावरून परतणारा उजेड सरळ गिऱ्हाइकाच्या तोंडावर. मोठी माय त्याच खुर्चीत बसली होती.

दुसरं, उष्णता. हे तुमच्या डोक्यात आलं नसेल, कारण एसीत कळत नाही. फोन गरम झाला की तो स्वतःच स्क्रीनचा ब्राईटनेस खाली आणतो, जीव वाचवायला. तुमचं ॲप म्हणतं फुल ब्राईटनेस द्या, आणि फोन म्हणतो मला ताप आलाय, एवढाच देतो. म्हणजे ज्या दुपारी बाहेर सगळ्यात जास्त उजेड, नेमकी त्याच दुपारी तुमची टॉर्च सगळ्यात मंद. मी आता केवायसीआधी फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवतो, दोन मिनिटं. हसू नका, फरक पडतो.

तिसरं, फोन कसा असतो ते. तडा गेलेला टेम्पर ग्लास, त्यावर हळदीचे आणि ऑइलचे डाग, पोराने लावून दिलेला प्रायव्हसी गार्ड जो उजेडच खातो, आणि डोळ्यांना बरं म्हणून चालू ठेवलेला पिवळा मोड. त्या पिवळ्या मोडमध्ये तुमचा निळा रंग निळा राहतो का सांगा बरं. शिवाय काही स्वस्त फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड आपोआप चालू असतो, कंपनीला वाटतं सगळ्यांना गोरं व्हायचंय. तो मोड सुरकुत्या पुसतो, सावल्या भरून काढतो, आणि तुम्ही त्याच सावल्या शोधत बसलेले. त्याहून वांधा ऑटो व्हाईट बॅलन्सचा, तो स्टुडिओवाल्यांना पक्का माहीत असतो. कॅमेऱ्याचं कामच हे की उजेडात कुठला रंग जास्त झाला की तो काढून टाकायचा, पांढरं पांढरं दिसलं पाहिजे. तुम्ही लाल टाकता, तो लाल पुसतो. एकाच फोनमधले दोन नोकर, एक झाडू मारतो आणि दुसरा कचरा टाकतो, आणि तिसरा विचारतो घर का झाडलं नाही. तुमच्यातल्या जाणकारांना हे माहीत असेलच, कॅमेऱ्याची सेटिंग लॉक करता येते, पण सगळ्या स्वस्त फोनवर ती लॉक नीट बसते का हे कोणी बघितलं का?

आणि चौथं बोलायला जरा अवघड आहे पण बोलतो. कातडीचा रंग. काळी कातडी उजेड जास्त पिते आणि कमी परत देते, ह्यात कोणाचा अपमान नाही, हे मेलॅनिनचं, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याचं काम. स्टुडिओत वडील गोऱ्या नवरीला एक स्टॉप कमी आणि उन्हात रापलेल्या शेतकऱ्याला एक स्टॉप जास्त उजेड द्यायचे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा), न सांगता, त्याला कळूही न देता, कारण फोटो चांगला आला पाहिजे ही जबाबदारी फोटोवाल्याची. तुमच्या ॲपमध्ये ती जबाबदारी गिऱ्हाइकाची झाली. ५० लक्सातून गोऱ्या गालावरून जेवढं परत येतं त्याच्या कितीतरी कमी आमच्या सातपुड्यातल्या पावरा आदिवासी भावांच्या, आमच्या रापलेल्या आयाबायांच्या गालावरून येणार. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू ह्या दोघींनी तपासलं होतं की चेहरा बघून बाई का पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर कोणाला चुकतात, तर गोऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त ०.८ टक्के चूक आणि काळ्या बायकांना ३४.७ टक्क्यांपर्यंत. ते काम वेगळं होतं, लाईटच्या टेस्टचं नव्हतं, पण रोग एकच, ज्या चेहऱ्यांवर शिकवलं तेच चेहरे ओळखीचे. तुमचं सॉफ्टवेअर कोणाच्या चेहऱ्यांवर शिकलं ते मला माहीत नाही, पण पदर डोक्यावर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एका डोळ्यात मोतीबिंदू, दात नसल्याने गाल आत गेलेले, असे चेहरे त्यात किती होते हे विचारायचा आम्हाला हक्क आहे का नाही?

मी ह्यावर काय उपाय केला तर दुकानाच्या मागच्या बाजूला जिथे जुना डार्करूम होता, हो तीच जागा, तिथे काळी ताडपत्री लावून एक कोपरा केला. लोक त्याला आता "तोंड दाखवायची खोली" म्हणतात. आत एक स्टूल, फोन ठेवायला जुनाच ट्रायपॉड, आणि एक एलईडी बल्ब जो मी टेस्टच्या वेळी बंद करतो, कारण लोकल एलईडी डोळ्यांना दिसत नाही पण फडफडतो, आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज म्हणजे सेकंदाला शंभरदा, आणि कॅमेऱ्यात त्याचे पट्टे येतात. फोन चेहऱ्यापासून फुटाऐवजी अर्ध्या फुटावर आणला की उजेड साधारण चौपट होतो, हे अंतराचं गणित लाईट धरून धरून अंगात भिनलेलं. पण फार जवळ नेलं तर तुमचं ॲप म्हणतं लांब जा. मग मधलं अंतर शोधायचं. एवढं करून दहातले बरेच जण पास होतात. आणि गंमत काय, डिजिटल इंडिया आलं आणि मी बंद केलेला डार्करूम परत चालू करावा लागला!

पण ही सोय माझ्याकडे आहे, कारण माझा बाप फोटोवाला होता. पलीकडच्या गावातल्या सेतूवाल्या पोराचा बाप फोटोवाला नव्हता, तो बिचारा गिऱ्हाइकाला म्हणतो माय, आज नाही होणार, सोमवारी या. आणि ती बाई एक दिवसाची रोजंदारी बुडवून आलेली असते.

आता तुमचा बचाव मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, ढिलं केलं तर चोर घुसतील. बरोबर. पण मग प्रामाणिकपणे हेही सांगा की खरा हुशार चोर तुमच्या लाईटसमोर येतो तरी का. २०२१ मध्ये चीनमधल्या शांघायची केस उघडकीस आली, टॅक्सच्या सिस्टिमला फसवून काही कोटी नव्हे, सुमारे ५० कोटी युआनची खोटी बिलं फाडली गेली. त्यांनी काय केलं, लोकांचे फोटो मिळवले, सॉफ्टवेअरने त्या फोटोंना मान हलवायला आणि डोळे मिचकवायला लावलं, आणि असे फोन वापरले ज्यांत कॅमेरा चालूच होत नाही, त्याच्या जागी तयार व्हिडिओ थेट आत सरकवला जातो. म्हणजे दारावर वॉचमन टॉर्च घेऊन उभा आणि चोर मागच्या खिडकीतून आत. रंगांचा क्रम ऐनवेळी ठरतो म्हणून तसला तयार व्हिडिओ तुमच्याकडे अडकेल हे मान्य, पण उद्या तो रंग बघून त्याच क्षणी खोट्या चेहऱ्यावर चढवणारं सॉफ्टवेअर आलं तर? मग फोनमध्ये छेडछाड झालीय का, व्हिडिओ खरंच कॅमेऱ्यातून येतोय का, ही खिडकी कोणी बघायची? ह्याचा खर्च तुम्हाला करावा लागतो. लाईट पाडायचा खर्च मोठ्या मायला करावा लागतो, रोजंदारीत. म्हणून खिडकी उघडी आणि दाराला सात कुलपं.

आणि तुमच्याच धंद्याचं एक आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, आयएसओ ३०१०७, त्याचा तिसरा भाग २०१७ ला आला. माझ्या भाच्याने, तो पुण्यात आयटीत आहे, मला समजावून सांगितलं की त्यात दोन चुका मोजायच्या असतात. एक, खोटा किती वेळा आत गेला. दुसरी, खरा किती वेळा बाहेर राहिला. तुमच्या जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो. दुसरा आकडा मला कुठल्याच पोस्टरवर दिसला नाही. तो आकडा म्हणजे आमची मोठी माय आहे साहेब, तिला तुमच्या कागदावर एक रकाना आहे, फक्त तुम्ही तो छापत नाही. आणि छापलात तर कुठे मोजला तेही छापा, ट्यूबलाईटखाली ऑफिसात, का यावल-रावेरच्या बागेच्या बांधावर.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने बोलतो. आजकाल डिजिटल अरेस्टचे फोन येतात ना, पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस व्हिडिओ कॉलवर, आमच्या इथले रिटायर गुरुजी पण तावडीत सापडता सापडता वाचले. उद्या तो पोलीस सोडा, तुमच्याच मुलाचा चेहरा लावून कोणी पैसे मागेल. त्यावर २०२२ मध्ये हॅनी फरीद आणि कँडिस गर्स्टनर ह्या संशोधकांनी हीच उजेडाची युक्ती सुचवली, की कॉल चालू असताना तुमच्याकडून शेअर केलेल्या स्क्रीनवर रंग बदलायचा, तो समोरच्याच्या स्क्रीनवर दिसतो आणि खरा माणूस असेल तर त्याच्या चेहऱ्यावरही तो रंग उमटतो, डीपफेक, म्हणजे सॉफ्टवेअरने चढवलेला खोटा चेहरा असेल तर तो गोंधळतो. हे वाचलं तेव्हा वाटलं, हे तर आमच्या लोकांच्या रक्षणासाठी वापरा ना. आतापर्यंत हा उजेड एकाच दिशेने पडतो, बँक गरिबावर टॉर्च मारते, तू खरा का खोटा. कधी गरिबालाही समोरच्या साहेबावर टॉर्च मारायची सोय द्या, की बाबा तू खरा का खोटा.

थोडं फडफडण्याबद्दल पण. आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, त्याला फिट येतात, आणि झगमगाट बघितला की त्याची आई टीव्ही बंद करते. वेबसाईट बनवणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय नियम आहे की सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगमग नको. तुमच्या ॲपमध्ये इशारा होता, मान्य, पण तो इंग्रजीत होता आणि त्याखाली बटण एकच, पुढे चला. दुसरा रस्ताच नाही. ॲमेझॉनने नंतर उजेड न पाडता नुसत्या हालचालीवर तपासायचा पर्यायही ठेवला, मग आपल्याकडे का नको?

तुम्हाला एक आठवण करून द्यायची आहे. ह्या देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे वाटलं गेलं माहीत आहे का? दिल्लीत नाही, मुंबईत नाही, आमच्या खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. म्हणजे बोट, डोळा आणि चेहरा सरकारला द्यायला सगळ्यात आधी आम्ही रांगेत उभे राहिलो. आणि आता तोच चेहरा परत दाखवला तर एक ॲप ओळखत नाही म्हणालं असतं तरी ठीक, पण ते म्हणतं की हा चेहराच नाही.

मला फार काही मागायचं नाही. फेल झालं तर का झालं ते मराठीत सांगा, जमलं तर अहिराणीत सांगा, "उजेड जास्त आहे, सावलीत या", "फोन गरम झालाय", "काच पुसा", एवढं तुमच्या सॉफ्टवेअरला कळतं, कारण किती उजेड आहे ते कॅमेऱ्यालाच सगळ्यात आधी कळतं, मग तोंडावर काय मारता की खरी व्यक्ती नाही. उजेड जास्त असेल तर टेस्ट सुरूच करू नका आणि तो प्रयत्न मोजूही नका, तीनपैकी एक संधी उन्हाने खाल्ली असं होता कामा नये. आणि तिन्ही संपल्या तरी दार बंद करू नका, समोर माणूस ठेवा, सेतूवाला म्हणा, पोस्टमन म्हणा, बँकमित्र म्हणा, ज्याला सही करून सांगता येईल की हो, ही बाई माझ्यासमोर बसलेली आहे आणि चहा पिऊन राहिली. माझा फोटो आणि माझं लोकेशन पण घ्या त्यासोबत, मी जबाबदार. गावात कोण जिवंत आहे आणि कोण नाही हे आम्हाला अजून टॉर्चशिवाय कळतं.

आणि एकदा स्वतः या. हिवाळ्यात नको, तेव्हा सगळं पास होतं, मे महिन्यात या, दुपारी, साधा फोन घेऊन, तो महागातला खिशात ठेवा. ताडपत्रीच्या खोलीत नाही, बाहेरच्या खुर्चीत बसवीन तुम्हाला. आमरस आणि मांडे घरचे असतील, त्याची काळजी नको. जेवण झाल्यावर तुमच्यातल्या सगळ्यात सावळ्या माणसाने आधी तोंड दाखवायचं.

मोठी मायचं खातं अजून चालू झालेलं नाही. तिला ताडपत्रीच्या खोलीत यायला मी दोनदा निरोप पाठवला, पण ती म्हणते अंधारात बसवून माझा फोटो काढायची अजून वेळ आली नाही.

तुमचा,
चोपडा तालुक्यातला एक सेतूवाला, आधीचा फोटोवाला